‘सांगितलेलं राहत नाही’: तिसरी-चौथीच्या वर्गातल्या चार मुलांबद्दल

मॅडम, तुमचं म्हणणं मला समजलं ते असं. दोन शिक्षकी शाळा, तुमच्याकडे तिसरी-चौथी एकत्र, पट २९. चौथीतल्या चार मुलांचं ‘लक्ष नसतं आणि सांगितलेलं राहत नाही’. एक मुलगा जागेवर टिकत नाही, शेजाऱ्याच्या खोड्या काढतो, पण तोंडी विचारलं तर पटकन बरोबर सांगतो. एक मुलगी शांत, तिचा त्रास काहीच नाही, पण बोलता बोलता मध्येच हरवते. एक मुलगा आज सहाचा पाढा म्हणतो आणि उद्या कोरा. फळ्यावरचं उतरवताना अक्षरं गाळतो, उदाहरण अर्ध्यात सोडतो. चौथा मुलगा ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातला, दिवाळीच्या सुमारास जातो तो उन्हाळा लागल्यावर परततो. केंद्रप्रमुखांनी एकाग्रतेचे खेळ घ्यायला सांगितलंय आणि तुम्ही विचारताय की स्मरणशक्ती वाढवणारे नेमके कोणते व्यायाम घ्यावेत.

व्यायामांचं आधी सांगून टाकते: त्यात वेळ घालवू नका. आकडे उलट क्रमाने सांगा, चित्रं बघून आठवा, जोड्या जुळवा, असे खेळ घेतले की मुलं त्या खेळात तरबेज होतात, आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतात. मोनिका मेल्बी-लेरवाग आणि चार्ल्स ह्यूम या दोन संशोधकांनी २०१३ साली अशा प्रशिक्षणाचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. खेळातले गुण वाढत होते, पण वाचन आणि गणित त्यामुळे सुधारल्याचं दिसत नव्हतं. तुमच्याकडे रोज जी वीस मिनिटं निघतील ती थेट वाचनावर आणि गणितावर खर्च करा. माझं सगळं काम या एकाच गोष्टीवर उभं आहे: मुलाची स्मरणशक्ती वाढवायच्या मागे न लागता आपली सूचना, आपला फळा आणि आपण दिलेलं काम असं बदलायचं की तेवढ्याच स्मरणशक्तीत त्याचं भागेल. आणि हे करण्याआधी चौघांना वेगवेगळं करायचं, कारण बाहेरून सारखं दिसत असलं तरी त्यांची कारणं वेगळी असण्याची दाट शक्यता आहे.

सुरुवात त्या शांत मुलीपासून करते. चौघांत थांबण्यासारखं नाही ते तिचंच काम. वर्गात बसून स्वप्नं बघणारी मुलं असतातच, त्यात वावगं काही नाही. पण साधारण चार ते दहा-बारा वर्षांच्या मुलांत फिटचा एक प्रकार असा असतो की मूल पडत नाही, हातपाय झाडत नाही, तोंडाला फेस येत नाही. पाच, दहा, फार तर वीस सेकंद सगळं थांबतं. नजर एका जागी खिळते, पापण्या किंचित फडफडतात, कधी ओठ हलतात, आणि मग जिथे सोडलं होतं तिथूनच मूल पुढे चालू लागतं. त्याला स्वतःला काही झाल्याचं कळतही नाही. डॉक्टर याला अ‍ॅब्सेन्स प्रकारची फिट म्हणतात. दिवसातून अनेकदा येऊ शकते, आणि दर वेळी तुमच्या बोलण्यातला एक तुकडा त्या मुलीपर्यंत पोचतच नाही. घरी कामाच्या धबडग्यात हे कुणाच्या ध्यानात येत नाही. बहुधा पहिल्यांदा दिसतं ते वर्गातच.

फरक ओळखायचा कसा? स्वप्नात रमलेल्या मुलीला हाक मारली, खांद्यावर हात ठेवला की ती भानावर येते, आणि तिचं हरवणं कंटाळवाण्या तासाला जास्त असतं. फिटमध्ये हाकेचा उपयोग होत नाही. ती वाक्याच्या मध्ये येते, खिचडीचा घास हातात असताना येते, लगोरी खेळतानाही येते. पुढचे दोन आठवडे एका कागदावर तारीख, वेळ, त्या क्षणी ती काय करत होती, हाकेला ओ दिली का आणि किती सेकंद लागले, एवढंच टिपून ठेवा. आईवडिलांना विचारून मोबाइलवर एखादा प्रसंग टिपता आला तर फारच छान. डॉक्टरांना त्याचा तुमच्या पानभर वर्णनापेक्षा जास्त उपयोग होईल. तो कागद घेऊन तिला बालरोगतज्ज्ञांकडे जाऊ द्या. मेंदूचा आलेख काढला की या प्रकारचं निदान बहुतेकदा स्पष्ट होतं, गोळ्यांनी ते चांगलं आटोक्यात येतं आणि बऱ्याच मुलांत मोठेपणी थांबतं. तोवर कांदा, चप्पल यातलं काही नको, रागावणं नको, आणि ती परत आली की शेवटचं वाक्य शांतपणे पुन्हा सांगा. विहिरीवर किंवा नदीवर एकटीने पोहायला पाठवू नका, हेही घरी सांगा.

तसं काही नसेल, तर लक्ष न टिकण्याचा जो शांत प्रकार असतो तो तिच्यात असू शकतो. मुलींमध्ये तो वर्षानुवर्षं निसटतो, कारण त्या कुणाला मारत नाहीत आणि तक्रार येत नाही.

चौघांच्याही बाबतीत एक फेरी करायचीच आहे: डोळे, कान, पोट, झोप. शेवटच्या रांगेत बसवून एक डोळा झाकून फळा वाचायला लावा, मग दुसरा झाकून. मुलाच्या पाठीमागे उभं राहून हळू आवाजात दोन-तीन शब्द बोला आणि ते म्हणायला सांगा. पावसाळ्यात कान वाहणारी मुलं कितीतरी असतात, आणि महिनाभर अर्धवट ऐकू येणारं मूल अगदी ‘लक्ष नसलेल्या’ मुलासारखंच दिसतं. रात्री घोरत आणि तोंड उघडं ठेवून झोपणाऱ्या मुलाच्या टॉन्सिल-अ‍ॅडिनॉइडकडे बघायला हवं. त्याची झोप पुरी होत नाही आणि दिवसा ते पेंगण्याऐवजी चक्क जास्त चुळबुळ करतं. रक्त कमी असलं की लक्ष टिकत नाही, म्हणून आठवड्याची लोहाची गुलाबी गोळी आणि जंतनाशक गोळी या चौघांची चुकली नाही ना ते रजिस्टरमध्ये बघा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. ते येईल त्या दिवशी या चार मुलांची नावं आणि तुमच्या नोंदी आधीच तयार ठेवा. नाहीतर उंची-वजन होतं आणि गाडी निघून जाते.

आता पाढा विसरणारा मुलगा. याच्याबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण असं मूल जवळपास प्रत्येक वर्गात असतं आणि त्याच्यावर सगळ्यात जास्त अन्याय होतो. ‘काल येत होतं, आज नाटक करतो’ हे त्यानेच सर्वांत जास्त ऐकलेलं असतं.

एखादी गोष्ट काही सेकंद डोक्यात धरून ठेवायची आणि त्याच वेळी तिच्यावर काम करायचं, या क्षमतेचं एक प्रतिरूप अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडलं. मराठीत तिला कार्यकारी स्मृती म्हणतात. पालकांना समजावताना मी तिला पाटी म्हणते: छोटीशी पाटी, भरली की नवं लिहायला जुनं पुसावं लागतं. मोठ्या माणसालाही एका वेळी साधारण चारच सुट्या गोष्टी नीट धरता येतात, असं नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये दाखवलं. मुलांना त्याहून कमी. आणि मुलामुलांत फरक केवढा! सुझन गॅदरकोल आणि ट्रेसी अ‍ॅलोवे या दोघींच्या मांडणीनुसार सात-आठ वर्षांच्या तीस मुलांच्या वर्गात निदान तिघांची ही क्षमता सरासरी चार वर्षांच्या मुलाएवढी असते आणि तिघांची अकरा वर्षांच्या मुलाएवढी. वय एक, पुस्तक एक, तुमची सूचनाही एकच.

आता तुमच्या रोजच्या सूचनेकडे बघा. ‘पुस्तक काढा, पान बेचाळीस उघडा, तिसरा प्रश्न वाचा, वहीला समास आखा आणि उत्तर लिहा, पेन्सिलीने हं.’ या सहा गोष्टी झाल्या. हा मुलगा पुस्तक काढतो, पान शोधता शोधता बाकीचं पुसलं जातं, मग तो शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो. तुम्हाला दिसतो तो डोकावणारा मुलगा. लक्ष दिलं नाही म्हणून सूचना हरवली असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात आधी सूचना हरवली आणि मग लक्ष भरकटलं.

म्हणून एका वेळी दोनच गोष्टी सांगा आणि थांबा. ‘पुस्तक काढा. पान बेचाळीस.’ सगळ्यांची पानं उघडेपर्यंत गप्प राहायचं. हे गप्प राहणं आपल्याला फार जड जातं, पण ते जमलं की अर्धं काम होतं. मग पुढचं. जास्त पायऱ्यांचं काम असेल तर फळ्याच्या एका कोपऱ्यात १, २, ३ करून दोन-दोन शब्दांत लिहून ठेवा आणि ते तास संपेपर्यंत पुसू नका. ‘समजलं का?’ हा प्रश्न तर सोडूनच द्या, त्याला सगळा वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो. त्याऐवजी या मुलाजवळून जाताना हळूच विचारा, ‘आधी काय करणार आहेस?’ त्याला सांगता आलं तर तो करेल. नाही आलं, तर रागावण्याआधीच तुम्हाला कळलं.

श्रुतलेखनात हे फार स्पष्ट दिसतं. ‘काल संध्याकाळी आमच्या गल्लीत मोठा साप निघाला.’ वाक्य साधं, सात शब्दांचं. पण ‘संध्याकाळी’ लिहिताना अनुस्वार कुठे, ध्या कसा लिहायचा, ळी ऱ्हस्व की दीर्घ, यातच त्याची सगळी ताकद जाते. मान वर करतो तेव्हा साप गेलेला असतो. वहीत उरतं ‘काल संधाकाळी निघाला’. आपण लाल पेनने चार चुका काढतो आणि शुद्धलेखन कच्चं म्हणतो. त्याला दोन-दोन शब्दांचे तुकडे द्या: ‘काल संध्याकाळी’, थांबा, ‘आमच्या गल्लीत’, थांबा. अवघड जोडाक्षराचा शब्द आधीच फळ्यावर लिहून ठेवा. त्या दिवशी तुम्हाला जोडाक्षर तपासायचं असेल तर फक्त जोडाक्षरांचे पाच शब्द घाला, वाक्य घालू नका. एका कामात एकाच गोष्टीची परीक्षा.

फळ्यावरून उतरवणं हेही असंच. मान वर, शब्द धरायचा, मान खाली, ओळ शोधायची, लिहायचं, मान वर, पुन्हा जागा शोधायची. दर फेरीत काहीतरी सांडतं. अशा मुलाला तोच मजकूर एका चिठ्ठीवर लिहून वहीशेजारी ठेवायला द्या. मान वर-खाली करणं संपलं की गाळलेली अक्षरं आपोआप कमी होतात. मुळात एवढं उतरवून घ्यायची गरज आहे का, हेही विचारा. पुस्तकात छापलेली प्रश्नोत्तरं वहीत उतरवण्यात चौथीचं मूल काय शिकतं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

गणितात आपल्या भाषेची एक खास अडचण आहे. ‘अडुसष्ट’ ऐकलं की आधी आठ ऐकू येतात, मग साठ. लिहायचे मात्र आधी सहा. म्हणजे ऐकलेला आठ डोक्यात धरून ठेवायचा, सहा लिहायचा आणि मग आठ. तुमच्या-माझ्या हाताला सवय झालेली असते. छोट्या पाटीचा मुलगा ८६ लिहून मोकळा होतो. ‘एकोणसत्तर’ला तर सत्तर ऐकू येतात, म्हणून ७९. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांची सोय हेच कारण दिलं होतं. थट्टा करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ६८ चा ८६ करणाऱ्या मुलाशेजारी कधी बसून पाहिलं नसावं. जुनी नावं टाकून द्या असं मी म्हणत नाही. बाजारात अडुसष्टच म्हणतात, ते यायलाच हवं. पण या मुलाशी बोलताना ‘साठ आणि आठ, अडुसष्ट’ असं जोडीने म्हणत जा, काही महिने.

आता हातच्यांच्या वजाबाकीचं बघू. ५०३ वजा २६८. शून्यातून उसने घेता येत नाहीत, म्हणून शतकाकडे जायचं, तिथला पाच चार होतो, दशकात दहा येतात, त्यातला एक एककाला, दशकात नऊ राहतात… इथवर येईपर्यंत तो विसरलेला असतो की आपण वजाबाकी करतोय की बेरीज. अशा वेळी संपूर्ण उदाहरण त्याच्यावर टाकू नका. सगळे हातचे तुम्ही मांडून द्या, त्याने फक्त शेवटची ओळ काढायची: २३५. दोन दिवसांनी शतक-दशकापर्यंतचे हातचे तुमचे, एककाचा त्याचा. मग सगळं त्याचं. सोडवलेलं एक उदाहरण वहीच्या वरच्या बाजूला कायम दिसत राहू द्या. शाब्दिक उदाहरण असेल तर प्रत्येक वाक्य वाचल्याबरोबर त्यातला आकडा नावासह बाजूला लिहायचा किंवा चौकोन काढायचा, हा नियमच करा. पूर्ण उदाहरण वाचून मग विचार करायचा, ही सवय त्याच्या उपयोगाची नाही. आणि पाढ्यांचा तक्ता जवळ ठेवू द्या. वजाबाकी-भागाकाराची रीत शिकत असताना पाढ्याची परीक्षा घ्यायची नाही. ती वेगळ्या वेळी घ्या.

पण पाढा पाठ व्हायला तर हवाच, आणि इथे प्रश्न पाटीचा राहत नाही, साठवणीचा होतो. तालावर म्हटलेला पाढा साखळीसारखा बसतो. ‘साही सक’ विचारलं की मुलाला ‘सहा एके सहा’पासून निघावं लागतं, आणि वाटेत धागा तुटतो. तालावर म्हणणं बंद करू नका, मुलांना ते आवडतं. पण रोज पाच वेळा मधूनच विचारा. वर्गात शिरताना, खिचडीच्या रांगेत, दप्तर भरताना. ‘सहा सात?’ तीन सेकंद थांबा, आलं नाही तर उत्तर सांगून टाका आणि दहा मिनिटांनी तेच परत विचारा.

यामागे चांगला पुरावा आहे. शिकलेलं सुरुवातीला भराभर आणि मग हळूहळू विसरलं जातं, हे हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून मांडलं. पुढे २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आपल्याकडे ‘दहा वेळा लिहून आण’ हा गृहपाठ अजून चालतो. सहाव्या वेळेला हात लिहीत असतो, डोकं दुसरीकडे असतं. त्याऐवजी तास सुरू होताना तीन प्रश्न: एक कालच्या पाठातला, एक मागच्या आठवड्यातला, एक मागच्या महिन्यातला. वह्या बंद. प्रत्येकाने पाटीवर किंवा कच्च्या वहीत लिहायचं, मग उत्तर सांगायचं आणि ज्याचं त्याने तपासायचं. गुण नाहीत, नोंद नाही. चार-पाच मिनिटांचं काम आहे आणि तिसरी-चौथी दोन्ही वर्गांना एकदम घेता येतं.

ऊसतोडीहून येणाऱ्या मुलाबद्दल माझं मत असं की त्याला ‘लक्ष-स्मरण’ या खात्यात टाकण्याची घाई करू नका. चार-पाच महिने जो वर्गात नव्हता त्याला सांगितलेलं राहत नाही असं म्हणताच येत नाही. त्याला ते सांगितलेलंच नाही. मागचा घटक आला नसेल तर पुढच्यात लक्ष लागणार तरी कसं? दुसरी गोष्ट, घरची बोली कोणती आहे ते विचारा. गोरमाटी, पावरी, भिली बोलणाऱ्या घरातल्या मुलाची निम्मी ताकद तुमचं पुस्तकी मराठी घरच्या बोलीत उलगडण्यात जाते, उरलेल्या निम्म्यात त्याने भागाकार शिकायचा. याच्यासाठी साधी चाचणी घ्या: तिसरीचा उतारा, नाही जमला तर दुसरीचा, तिथून तो खरोखर कुठे आहे ते शोधा आणि तिथून रोज वीस मिनिटं वाचन. तीन-चार महिने नियमित हजर राहून, त्याच्या पातळीवर शिकवूनही काही सरकलं नाही, तर मग पुढचा विचार. आणि तो जाणार असेल त्याआधी त्याला ‘शिक्षण हमी पत्रक’ द्यायला विसरू नका, म्हणजे कारखान्याच्या परिसरातल्या शाळेत त्याला बसता येईल.

चुळबुळ्या मुलाचं बरंचसं तुम्हाला ठाऊक असेलच, म्हणून थोडंच. त्याला पहिल्या बाकावर बसवा असं सगळे सांगतात. पण तुमचं टेबल दाराशेजारी असेल आणि सगळी मुलं वह्या दाखवायला तिथेच येत असतील, तर वर्गातली सगळ्यात गजबजलेली जागा तीच आहे. तुमच्या नजरेच्या टप्प्यात, भिंतीच्या बाजूला, शांत मुलाशेजारी अशी जागा बघा. काम लहान करा: ‘दहा उदाहरणं सोडव’ऐवजी ‘तीन सोडव आणि मला दाखवायला ये’. येण्याजाण्यात त्याला हवी ती हालचाल मिळते, आणि दर तीन उदाहरणांनी तुमचं एक वाक्य मिळतं. वाक्य नेमकं असू द्या. ‘शाब्बास’पेक्षा ‘तिन्ही उदाहरणं न उठता केलीस’ हे जास्त कामाचं. पाणी भरणं, खडू आणणं, तिसरीच्या वह्या वाटणं ही कामं त्याची. शिक्षा म्हणून खेळाचा तास काढून घेऊ नका, त्याचा उरलेला दिवस आणखी बिघडतो. छडीचं तर बोलायलाच नको. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे, आणि वर्गासमोर ‘हा आमचा माकड’ म्हणणं त्यातच मोडतं.

याला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलपणाचा विकार, आहे का, हे तुम्ही किंवा मी ठरवायचं नाही. डॉक्टर बघतात ते असं: लक्षणं निदान सहा महिने आहेत का, बाराव्या वर्षाच्या आधीपासून आहेत का, आणि फक्त शाळेत न दिसता घरी किंवा इतरत्रही दिसतात का. फक्त तुमच्याच तासाला चुळबुळ करणाऱ्या मुलाला एडीएचडी नसतो, त्याला तो तास आवडत नसतो. निदान झालं आणि गोळी सुरू झाली तर तुमची नोंद फार मोलाची असते. मिथाइलफेनिडेट नावाचं औषध बऱ्याचदा देतात, त्याच्या साध्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो. सकाळी सातला घेतली तर अकरानंतर मूल पुन्हा बदललेलं दिसेल, हे डॉक्टरांना कळायला हवं. भूक कमी होते, त्यामुळे दुपारची खिचडी तशीच टाकत असेल तर तेही कळवा. गोळी सुरू करा किंवा बंद करा असं मात्र आपण कधीच म्हणायचं नाही.

पाढा विसरणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे सगळं करून वाचन-लेखन पुढे सरकलं नाही, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडीचं मात्र त्या यादीत वेगळं नाव नाही, त्यामुळे कागदपत्रांच्या वेळी गोंधळ होतो. तुमचा मुलगा चौथीत, म्हणजे वय योग्य आहे. फार लहान वयात हे निदान पक्कं करता येत नाही, प्रमाणपत्राची पहिली तपासणी आठव्या वर्षी आणि पुढे चौदाव्या आणि अठराव्या वर्षी अशी अपेक्षित आहे. तपासणी मराठीतच व्हायला हवी, एवढा आग्रह धरा. मराठी माध्यमाच्या मुलाची इंग्रजी शब्दयादीवर परीक्षा घेऊन काय कळणार? मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेला डाली नावाचा तपासणीचा संच मराठीतही आहे. गटसाधन केंद्रातले समावेशित शिक्षणाचे विषयतज्ज्ञ किंवा विशेष शिक्षक तुम्हाला पुढचा रस्ता दाखवतील. त्यांना ‘मूल मागे आहे’ असं सांगण्यापेक्षा त्याच्या वहीची चार पानं आणि तुमच्या दोन आठवड्यांच्या नोंदी द्या.

पालकांशी बोलताना दोन गोष्टी हमखास निघतील. एक, बुद्धिवर्धक टॉनिक. घरच्यांनी आणलंच असेल तर वाद घालू नका, पण त्याच पैशांत रोज एक अंडं किंवा मूठभर शेंगदाणे-गूळ होतात हे सांगा. दुसरी, डोळे बांधून वाचायला शिकवणारे ‘मिडब्रेन’ क्लास. त्याबाबत मी अजिबात मऊ बोलत नाही. पट्टीच्या फटीतून दिसतं म्हणून वाचता येतं, एवढंच त्यात आहे, आणि फी हजारोंत असते. घरी करण्यासारखं काही मागितलं तर वेळेवर झोप सांगा. आणि संध्याकाळी आईने चूल पेटवता पेटवता एवढं विचारावं: ‘आज शाळेत काय झालं, आधी काय, मग काय?’

एवढ्या सगळ्यातलं पहिल्या महिन्यात काय करायचं असं विचाराल तर: मुलीच्या नोंदी आजपासून, दोन-दोन गोष्टींच्या सूचना उद्यापासून, तास सुरू होतानाचे तीन प्रश्न पुढच्या सोमवारपासून. चिठ्ठी आणि सोडवलेलं उदाहरण फक्त त्या एका मुलासाठी, बाकीच्या वर्गासाठी आत्ताच नको, तुमच्यावर भार येईल. या गोष्टींचा उपयोग इतर पंचवीस मुलांनाही होतो, पण ते आपोआप होऊ द्या.

तुमची शाळा चौथीपर्यंतचीच असेल तर जूनमध्ये ही मुलं दुसऱ्या गावच्या शाळेत पाचवीला जातील, आणि तिथल्या सरांना यातलं काहीच माहीत नसेल. एप्रिलमध्ये प्रत्येकाचं एक पान लिहा. त्यात ‘हुशार पण चंचल’ असली विशेषणं नकोत. चिठ्ठीवरून उतरवलं तर अक्षरं गाळत नाही. एका वेळी दोन सूचना जमतात, तीन नाही. पाढ्यांचा तक्ता दिला तर भागाकार बरोबर येतो. एवढं लिहा, वर शाळेचा शिक्का मारा आणि दाखल्याबरोबर पालकांच्या हातात द्या. एक प्रत झेरॉक्स काढून तुमच्याकडेही राहू द्या, कारण सप्टेंबरात तिकडून फोन येतो.